चष्मेवाल्यांची गाडी, लिफ्टवाल्यांचा पास

८ जानेवारी

प्रिय साडूभाऊ लिफ्टवाले,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच हात जोडतो. कंबर का धरली ते विचारू नका. गाडीशी तिचा काही संबंध नाही.

तुम्ही दोघं सुट्टी संपवून शहरात परतलात आणि आमचं घर एकदम मोठं झालं. थोरली दोन दिवस उगाच दारात जाऊन धाकटीच्या चपला आहेत का बघत होती. मी तिला हसलो आणि मग तुमची खुर्ची हलवायची राहून गेली ती अजून तिथेच आहे.

शेवटच्या दिवशी जेवताना आपल्या बायकांनी जे फर्मान काढलं, ते लेखी मांडतो, कारण तसाच हुकूम आहे. लग्नं झाल्यापासून या दोघी सख्ख्या बहिणी दोन टोकांना राहतात, वर्षातून एकदा भेटतात आणि निघताना रडतात. हे आता बस झालं. जून उजाडायच्या आत दोन्ही बिऱ्हाडं एका जागी आली पाहिजेत, तुमच्या शहरात नाहीतर आमच्या गावात. भाडं आणि किराणा त्यांनी मांडून बघितला. इकडे भाडं कमी तर तिकडे पगार जास्त, शेवटी तागडी सारखीच. फरक उरतो तो जाण्यायेण्याचा. तुमचा भुयारी रेल्वेचा पास स्वस्त की माझी गाडी? ज्याचं जाणंयेणं महाग पडतं, त्याने बिऱ्हाड हलवायचं. आणि फोनवर हिशेब सांगायचा नाही, कारण फोनवर आपण दोघंही आकडे फिरवतो. (हा आरोप मला मान्य नाही.)

तर माझा हिशेब असा. घर गावाबाहेर वीटभट्टीपाशी, चष्म्याचं दुकान बाजारात, शिवाय खेड्यापाड्यांत डोळे तपासायला जावं लागतं. या वाटांवर बस फिरकत नाही. गाडीचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल. मिळकतीच्या शंभरात पाच. दुरुस्ती वगैरे काही नाही, दोन वर्षांत गाडीने हूं की चूं केलेलं नाही. तुम्ही दोन्ही वेळा आलात तेव्हा ती नेमकी गॅरेजात होती, हा निव्वळ योगायोग. तुमची तिची अजून गाठ पडली नाही याची मला चुटपुट आहे. हिरवीगार आहे, देखणी आहे. आणि ती चालवताना मला चष्मासुद्धा लागत नाही! कसा, ते आमच्या धंद्याचं गुपित.

तेव्हा मुकाट्याने सामान बांधायला लागा. बुद्धिबळाचा डाव अर्धाच राहिला आहे. पट टॉवेलाने झाकून कपाटावर ठेवलाय आणि थोरलीला तिथली धूळ झटकायची मनाई आहे.

तुमचा,
चष्मेवाला

(पाकिटात घातलेली चिठ्ठी, फक्त धाकटीसाठी)
धाकटे, गाडी रोज सकाळी ढकलावी लागते. ढकलायला अर्धी आळी येते आणि मग सगळ्यांना चहा-बिस्किटं. तो खर्च हे ‘आदरातिथ्य’ या सदरात टाकतात. कंबर ढकलतानाच धरली. चिठ्ठी वाचून फाडून टाक. – ताई

१९ जानेवारी

प्रिय साडूभाऊ चष्मेवाले,

साष्टांगाला माणसाच्या लांबीएवढी जागा लागते आणि शहरात ती भाड्याने मिळते. सबब मान लववतो, ती गोड मानून घ्या.

हे पत्र गाडीत खिडकीशी ऐसपैस बसून लिहितो आहे. अक्षर हलतंय ते रुळांमुळे. मला आमच्या गाडीत नेहमी बसायला मिळतं. वर शेजाऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळतं, फक्त त्याच्या वेगाने वाचावं लागतं एवढंच. दिवसभर मी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत वर-खाली करतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ असं आडवं जाण्यात मोठी विश्रांती असते. खर्च म्हणाल तर एक पास. तो खिशात घातला की महिनाभर राजा. शंभरात चार. तुमच्यापेक्षा एक कमी, हे थोरल्या वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा.

तुमचं ते चष्म्याचं गुपित मात्र मी दोनदा वाचलं. तुमच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. तुम्ही चष्म्याशिवाय गाडी चालवत असाल तर तुमच्या गावातले लोक घराबाहेर पडत नाहीत ते उगाच नाही. मी ती शांतता समजत होतो.

आमच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होणार आहेत. पट टॉवेलासकट घेऊन या. माझा वजीर कुठे होता ते मला पाठ आहे, तेव्हा वाटेत हलवाहलव नको.

आपला,
लिफ्टवाला

(चिठ्ठी)
ताई, खिडकीशी कसले बसतायत! एका हाताने दांडी धरून, पुढच्या माणसाच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलंय. उतरताना तो माणूस म्हणाला म्हणे, साडूंना माझाही नमस्कार कळवा. उशीर झाला की टॅक्सी करतात आणि ती ‘आरोग्य’ या सदरात टाकतात, कारण उशिराने छातीत धडधडतं. छत्र्या तर गाडीत इतक्या विसरल्यात की रेल्वेने आता दुकान काढावं. दोनदा उभ्या उभ्या झोप लागून पार शेवटच्या स्टेशनला पोचले. तिथे म्हणे गाडी भुयारातून वर येते, शेतं आहेत, एक टेकाड आहे आणि चहा बरा मिळतो. – तुझी धाकटी

६ फेब्रुवारी

प्रिय लिफ्टवाले,

तुमची लवलेली मान पोचली. इकडून मीही लववली असती, पण ती आता कमरेला जोडून आखडली आहे.

शंभरात चार वाचलं आणि मी नव्याने मोजायला बसलो. मागच्या पत्रात घाईत चूक झाली होती. गाडीचा खर्च शंभरात पाच नसून साडेतीन आहे.

शिवाय तुमच्या पासावर तुम्ही एकटे जाता. माझ्या गाडीतून काल बाजारातून येताना न्हावी, पोस्टमास्तर, शाळेतल्या बाई आणि बाईंचं शिवणयंत्र असे आम्ही सगळे आलो. गाडी माझी असली तरी तिच्यावर हक्क साऱ्या गावाचा आहे. न्हाव्याने तर पुढची सीट स्वतःची म्हणून लावून घेतली आहे आणि मला खिडकी बंद करायला सांगतो. वीटभट्टीच्या चढावर आम्ही थोडा वेळ थांबलो. गाडी बंद पडली नव्हती. देखावा बघत होतो.

बाकी, सहज म्हणून एक विचारतो. महिन्याच्या पासाऐवजी वर्षाचा पास काढला तर सवलत मिळते का? आणि तुमच्या भागात एखादं लहानसं दुकान, समजा चष्म्याचं, चालेल का? तुमच्या गाडीत वर्तमानपत्रं वाचणारे इतके आहेत म्हणता, तर त्यांतले निम्मे तरी डोळे बारीक करून वाचत असणार. नुसतं कुतूहल हो. बाकी काही नाही.

तुमचा,
चष्मेवाला

(चिठ्ठी)
धाकटे, चढावर गाडी बंद पडली आणि शिवणयंत्र डोक्यावर घेऊन बाई पायी आल्या. चारी टायर नवे घातले. ते ‘पादत्राणे’ या सदरात आहेत. मी विचारलं, तुम्हाला चार पाय कधी फुटले? तर हिशेबाची वही मिटून ठेवली. रात्री जेवताना मात्र म्हणाले, लिफ्टवाले नसले की घरात कोणी वाद घालायला नाही. मला वाईट वाटलं गं. वाद तर मी घालतेच की. – ताई

२ मार्च

प्रिय चष्मेवाले,

आपल्या आखडलेल्या मानेस माझा ताठ मानेने नमस्कार.

वर्षाच्या पासावर भरपूर सवलत आहे. ती धरून मी पुन्हा मोजलं तर माझा खर्च शंभरात तीनच निघाला. तुम्ही यावर अडीच म्हणाल, मी दोन म्हणेन. असंच चाललं तर मे महिन्यापर्यंत रेल्वेच मला पगार देऊ लागेल.

गेला आठवडाभर दुरुस्तीसाठी आमचा मार्ग बंद होता. मी पायी जाण्याचा आनंद लुटला. बूटही किती दिवस नवे होते, त्यांनाही अनुभव मिळाला. चष्म्याचं दुकान इकडे धावेल. आमच्या लिफ्टमधल्या सूचना कोणीच वाचत नाही, तेव्हा सगळ्यांचे डोळे अधू आहेत असं माझं मत आहे.

आता माझंही एक सहज विचारणं. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला जुनी गाडी घ्यायची आहे. भोळा माणूस आहे. शंभरात साडेतीन हा तुमचा आकडा ऐकून त्याचे डोळेच फिरले. घेताना काय काय बघावं? आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा प्रश्न: तुमच्या गावात एकंदर लिफ्ट किती?

आपला,
लिफ्टवाला

(चिठ्ठी)
ताई, या खेपेला मी काहीच लिहीत नाही. एक गंमत पोटात आहे, पण यांनी शपथ घातली आहे. बूट गेले ते ‘ज्ञानार्जन’ या सदरात. – धाकटी

२० मार्च

प्रिय लिफ्टवाले,

मान सुटली, कंबरही सुटली, तेव्हा या वेळी पत्र लिहिण्यापूर्वी तुमच्या दिशेने खरोखर वाकून नमस्कार केला. थोरलीने विचारलं, काय हरवलं?

तुमच्या भोळ्या सहकाऱ्याला सांगा, गाडी घेताना विकणारा गोड बोलायला लागला की तिथून सुटावं. ताजा रंग दिसला की समजावं, खाली काहीतरी झाकलंय. डिकी बंद होते का बघावं. एखादी डिकी पट्ट्याने बांधावी लागते. डावीकडे वळताना भोंगा आपोआप वाजतो का बघावं. मागचं दार आतून उघडतं का बघावं, नाहीतर पाहुणे अडकतात आणि खिडकीतून काढावे लागतात. पोस्टमास्तरांना विचारा. सकाळी थंड असताना एका किल्लीत सुरू झाली नाही तर ती फुकटही घेऊ नये. एवढं मला कसं माहीत? वाचनातून.

माझी गाडी सध्या रंगाला दिली आहे. मी पायीच फिरतो. प्रकृतीला बरं असतं. न्हावी माझ्याशी बोलत नाही, पण तो विषय वेगळा.

गावात लिफ्ट एकच आहे, दवाखान्यात. तीन वर्षं बंद आहे. डॉक्टर तिच्यात कपडे वाळत घालतात.

तुमचा,
चष्मेवाला

(चिठ्ठी)
धाकटे, माझ्याही पोटात एक गंमत आहे आणि मलाही शपथ आहे. जूनपर्यंत कशी दम काढू तेच कळत नाही. – ताई

२१ एप्रिल

प्रिय चष्मेवाले,

नमस्कार डोळे मिटून करतो. का ते पुढे येईलच.

तो भोळा सहकारी मीच. आता लपवून काय करू? तुमचं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी मी एक जुनी गाडी घेतली. विकणारा फार गोड बोलला. रंग ताजा, हळदीसारखा पिवळा. डिकीला निळा पट्टा होता, तो म्हणाला ही नवी पद्धत आहे. डावीकडे वळलो की भोंगा वाजतो, तो म्हणाला सुरक्षेसाठी. मागचं दार आतून उघडत नाही, तो म्हणाला लहान मुलांसाठी. आम्हाला मुलं नाहीत म्हटलं, तर म्हणाला होतील. एवढा आशीर्वाद देणाऱ्या माणसाशी घासाघीस कशी करणार? मी यंत्रातला माणूस, तरी पुरता तोंडघशी पडलो.

पण हे सगळं मी सोसेन. खरा प्रश्न तुमच्या धंद्यातला आहे. चालकाच्या जागेवर बसलो की माझे डोळे जातात. बाजूला धाकटीच्या जागेवर बसून बघावं तर सगळं लख्ख. चालकाच्या जागी बसलो की समोरची बस काडेपेटीएवढी आणि कुठेतरी दूर क्षितिजावर. मी निवांत जातो आणि पाहतो तर तिचं मागचं टोक माझ्या मांडीवर. परवा एका हवालदाराला मी खेळणं समजलो. त्याचा आवाज मात्र पूर्ण मापाचा होता. अर्धा तास चालवलं की डोकं गरगरतं आणि उलटी होते. चालकासमोरच्या काचेवर एक ताटाएवढं जाड काहीतरी चिकटवलेलं आहे, ते उन्हाची तिरीप अडवायला आहे म्हणे. खरवडून काढायला गेलो तर पटाशी वाकडी झाली.

मला एकदम इतका मोठा नंबर कसा लागला? आणि तोही फक्त बसल्यावर, फक्त त्याच जागी? डोळ्यांतून आता काय डोक्यात गेलंय का, या धास्तीने धाकटी रडते आहे. कृपा करून लगेच लिहा.

आपला,
लिफ्टवाला

२५ एप्रिल

प्रिय लिफ्टवाले,

नमस्काराबिमस्काराला वेळ नाही, आधी तुमचे डोळे.

घाबरू नका. चाळिशी उलटल्यावर नजर बदलते. परंतु वस्तू लहान आणि दूर दिसणं, सोबत गरगरणं, हे निरोगी डोळ्यापुढे उणे नंबरचं जाड भिंग धरलं की होतं. अंदाजे उणे सहा. आता बसल्यावर आणि एकाच जागी होतं, याचा अर्थ दोष तुमच्या डोळ्यात नसून त्या जागेच्या समोर

थांबा.

डिकीला निळा पट्टा म्हणालात? त्याला मधोमध एक गाठ आहे का? तो माझा जुना कमरेचा पट्टा, तुटला होता म्हणून मी ती मारली होती.

लिफ्टवाले, ती माझी गाडी आहे. त्या उन्हाच्या तिरिपीच्या जागी माझं भिंग आहे. चष्म्याला उन्हात घाम येतो, नाकावरून घसरतो, म्हणून मी माझ्या नंबरचं ताटाएवढं भिंग घासून काचेवरच बसवलं होतं. हेच ते धंद्याचं गुपित. माझ्या डिंकाने चिकटवलंय, पटाशीच काय, ते सुरुंगानेही निघायचं नाही. जगात ती गाडी चालवू शकणारा मी एकटाच. विकताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आतून मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

आता तुम्ही विचाराल, गाडी विकली का? तुमच्यामुळे! शंभरात तीन! खिडकीशी बसायला! मी रोज सकाळी गाडी ढकलत तुमच्या त्या खिडकीचा विचार करत होतो. शेवटी गाडी तुमच्या शहरातल्या एका दलालाला विकली (हिरव्यावर पिवळा रंग त्यानेच फासला असणार), दुकानाची जागा सोडायची नोटीस दिली आणि तुमच्या भुयारी रेल्वेचा वर्षाचा पास पोस्टाने मागवून घेतला, पार शेवटच्या स्टेशनपर्यंतचा. जूनमध्ये अचानक तुमच्या दारात उभं राहायचं होतं. पट नेताना हलू नये म्हणून सगळ्या सोंगट्या त्याच डिंकाने जागच्या जागी चिकटवल्या आहेत.

खरा हिशेब सांगतो. चहा, टायर, गॅरेज सगळं धरून शंभरात अठरा. मी तुम्हाला फसवत होतो ते ठीक आहे, पण तुम्हीही मला फसवत होतात की काय अशी आता मला शंका येते आहे.

पण ते जाऊ द्या. तुम्ही गाडी घेतलीत ती कशासाठी? शहरात तुम्हाला गाडी काय करायची आहे?

तुमचा,
चष्मेवाला

२९ एप्रिल

प्रिय चष्मेवाले,

दोन्ही हात कपाळाला लावून नमस्कार.

गाडी घेतली ती तुमच्या गावात लागेल म्हणून. शंभरात साडेतीन, शिवाय न्हाव्यासारखी सोबत! कंपनीत राजीनामा दिला, कंपनीची खोली तीस तारखेला, म्हणजे पुढच्या महिन्यात, सोडायची आहे. तुमच्या डॉक्टरांना पत्र टाकून दवाखान्याच्या लिफ्टचं काम मागितलं. कपडे उतरवून ठेवतो असं त्यांचं उत्तरही आलं.

माझा खरा आकडा सतरा. त्यात छत्र्या धरलेल्या नाहीत. खिडकीशी मी एकदाच बसलो होतो, गाडी बंद असताना.

आता परिस्थिती बघा. तुम्हाला गाव नाही, मला शहर नाही. तुमच्याकडे शहराचा पास आहे, माझ्याकडे गावची गाडी आहे जी मला चालवता येत नाही. ठरल्याप्रमाणे वागलो तर जूनमध्ये तुम्ही इथे आणि आम्ही तिथे. अंतर तेवढंच राहील, फक्त उलटं. हसू येतं, पण फार वेळ टिकत नाही. धाकटी काल दिवसभर जेवली नाही. म्हणते, ताईसाठी एवढं केलं आणि ताई तिकडून निघून इकडे येणार. दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं, आपण घातलेल्या शपथा त्यांनी इमानाने पाळल्या. आपल्याशी कोणी इतकं इमानाने वागावं, अशी आपली लायकी आहे का?

आणि राहवत नाही म्हणून सांगतो. मला तुमच्या आकड्याचा मोह पडला नव्हता. तुमचा आकडा खोटा आहे हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं, कारण माझाही खोटा होता. मला यायचं होतं. त्यासाठी एक निमित्त पाहिजे होतं, ते तुम्ही दिलंत.

आपला,
लिफ्टवाला

४ मे

लिफ्टवाले आणि धाकटी, दोघांना आशीर्वाद.

हे पत्र थोरलीचं आहे. आमचे हे सध्या चिकटलेल्या पटासमोर बसले आहेत आणि सुस्कारे टाकत आहेत, तेव्हा कारभार मी हातात घेतला आहे.

हिशेब मी बघितले. एकाचे टायर पादत्राणे, दुसऱ्याचे बूट ज्ञानार्जन. दोघांनाही कोणी दारात उभं करणार नाही, म्हणून आम्हीच उभं केलंय. बाकी तुमची शेवटची ओळ यांना वाचून दाखवली. हे उठून चष्मा पुसायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आता काय करायचं ते सांगते. आम्ही दोघं येत्या शनिवारी बसने शहरात येतो. गाडी यांच्याशिवाय कोणाला चालवता येत नाही, म्हणून रविवारी हेच चालवतील आणि आपण चौघं गावाकडे निघू. वाटेत काय ते ठरवू. ठरलं नाही तर गाडीतच राहू. मागचं दार आतून उघडत नाही, तेव्हा तुम्हा दोघा साडूंना मागे बसवता आलं असतं तर बरं झालं असतं. पण चालवायला यांना पुढे घ्यावंच लागेल. – थोरली

११ जून

प्रिय चष्मेवाले,

नमस्कार. आज कसलीही सबब नाही, तुमच्या-माझ्या घरांमध्ये एकच भिंत आहे, तेव्हा सकाळी तिच्याकडे तोंड करून केला.

शेवटचा हिशेब लेखी द्या असा दोघींचा हुकूम झाला, म्हणून हे पत्र. संध्याकाळी भेटू तेव्हा हातात देईन, तिकिटाचा खर्च नको.

तर, गेल्या महिन्यात त्या रविवारी तुम्ही गाडी खरोखर फार छान चालवलीत, हे प्रथम लिहून ठेवतो. चष्मा काढून, मान ताठ करून. मागे बसून मी आणि धाकटी जीव मुठीत धरून होतो, पण तुम्हाला काडीचीही धास्ती नव्हती. डाव्या वळणांवर भोंगा वाजत होता आणि लोक मिरवणूक समजून बाजूला होत होते. शहर संपलं, रूळ भुयारातून वर आले, त्यांच्या कडेने आपण निघालो आणि त्या टेकाडाच्या चढावर गाडीने देखावा बघायला घेतला.

ढकलायला जे लोक धावले त्यांतला एक मला बघून म्हणाला, “अहो, तुम्ही तेच ना, झोपेत आमच्या स्टेशनला येणारे? आज जागे कसे?” ते शेवटचं स्टेशन होतं. तिथल्या चहाच्या बाकड्यावरच आपण सगळ्यांना चहा पाजला. (सदर: आदरातिथ्य.) थोरल्या वहिनी शेतांकडे बघत होत्या. धाकटी म्हणाली, “ताई, इथूनच गाडी सुटते, म्हणजे यांना खरंच बसायला मिळेल.” वहिनी म्हणाल्या, “आणि इथून पुढे खेडी लागतात, बस नाही, म्हणजे डोळे तपासायला जाताना यांना गाडी लागेलच.” मग त्या चहावाल्याला विचारू लागल्या, इथे शेजारी शेजारी दोन घरं भाड्याने मिळतील का. आपल्याला कोणी काही विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर आपण आकडे सांगितले असते.

कंपनीने मला परत घेतलं, राजीनामा साहेबाने उघडलाच नव्हता. डॉक्टरांना लिहून टाकलं, कपडे वाळत घालू द्या. तुमचा वर्षाचा पास मी वापरतो आहे, तुम्ही माझी गाडी वापरता आहात. म्हणजे माझं जाणंयेणं तुमच्या खर्चाने आणि तुमचं माझ्या. शंभरात किती ते मला काही सांगता येत नाही. दोघी बहिणी काल ओट्यावर बसून इतक्या हसत होत्या की मी विचारलंही नाही.

अक्षर बघा. सरळ आलं आहे. हे पत्र मी खिडकीशी बसून लिहितो आहे, आणि या वेळी धाकटीला चिठ्ठी घालायची गरज नाही. समोर उभा असलेला माणूस डोकावून वाचतो आहे. त्याचाही तुम्हाला नमस्कार.

संध्याकाळी मला घ्यायला स्टेशनवर गाडी आणू नका. काल आणलीत तेव्हा घरापर्यंत मीच ढकलली. मी चालत येतो. तुमच्या पटावरच्या सोंगट्या काही निघत नाहीत, काल घोडा उचलायला गेलो तर सगळा पट उचलला गेला. तो डाव मी दोन वर्षं मुद्दाम रेंगाळत ठेवला होता. संपला तर पुन्हा येण्याला कारण राहणार नाही अशी भीती वाटायची. तो तसाच भिंतीवर टांगू. मी शहरातून नवा पट घेतला आहे. चहा टाकून ठेवा, आज पटापट खेळू. हरलो तरी चालेल, उद्या परत मांडता येईल.

आपला शेजारी,
लिफ्टवाला